पंचेचाळीसची जौनपुरी

"भाऊजी, तुमच्या दादांनी कानातली मशीन काढून कणकीच्या परातीत ठेवली. मले दिसली नाही. म्या तिच्यासकट कणीक मळली."

पांढुर्ण्याहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी सौंसरला घरी संत्रं सोलत बसलो होतो. मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. मग मी विचारलं, मशीन चालू आहे की बंद पडली?

"चालू आहे. पण ते घालतच नाहीत ना. म्हणतात, टिनावर गारा पडल्यासारखं वाजते. अन् एक सांगू का, दोन दिवसांपासून एकच धोशा लावून राहिले. ती जौनपुरी पाहिजे म्हणतात. कान पुरता बंद व्हायच्या आधी एकदा ऐकाची आहे."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पांढुर्ण्याजवळ त्याचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि बगीच्याला पाणी सोडताना ओरडायची सवय असल्यामुळे त्याला कमी ऐकू येतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. तो ओरडून बोलायचा, आम्ही ओरडून उत्तर द्यायचो, सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, उंच आवाज आधी जातात. चिमण्या, कुकरची शिटी, फोनची घंटी, लहान पोरं आणि बायका. जाडे आवाज बरेच दिवस टिकतात.

"म्हणजे बायकोचा आवाज आधी जाते," दादाने डॉक्टरांसमोरच वहिनींकडे पाहून म्हटलं, "सरकारनं हे लग्नाच्या आधी सांगाले पाहिजे होतं."

वहिनी तेव्हा हसल्या होत्या. पण त्याला जौनपुरी रागाची जी रेकॉर्ड हवी होती तीसुद्धा एका बाईनेच गायलेली होती, आणि तिचा आवाज म्हणजे नुसता उंच. तार षड्जावर गेली की आमच्या घरातली पितळी भांडी ऐकत बसत.

त्या रेकॉर्डची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. दादा कॉलेजात असताना नागपूरहून रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला. आमच्या आळीत तेव्हा रेडिओ चिक्कार होते, पण फिरणारं यंत्र ते एकच. त्याच्या झाकणाच्या आत दादाने खडूने नियम लिहिला होता: मोठी तबकडी तेहेतीसवर, लहान पंचेचाळीसवर, विचारल्याशिवाय हात लावू नये. आकडे तबकडीने मिनिटाला किती फेरे घ्यायचे त्याचे. नियमाचे पहिले दोन भाग सगळ्या गावासाठी होते, तिसरा फक्त माझ्यासाठी.

सकाळी आंघोळ झाली की दादा जौनपुरी लावायचा. तंबोरा सुरू झाला की मला कळायचं, आता अर्धा तास या घरात कोणी मोठ्याने पाणीसुद्धा पिणार नाही. मी दाराआड उभा राहून ती संपायची वाट पाहायचो. कारण माझा जीव डिस्कोत अडकला होता. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या रेकॉर्डींच्या ढिगातून मी एक डिस्कोची एलपी उचलली होती. मुखपृष्ठावर चकाकणारा गोळा, आणि त्याखाली एक बाई इतक्या आत्मविश्वासाने उभी की माझ्या आईने ती तबकडी कायम पालथी ठेवायला लावली.

त्या एलपीवर मी दादाच्या वरातीत नाचायचं ठरवलं. शिंप्याकडून पांढरी, चकचकीत, खाली घंटेसारखी पसरलेली पँट शिवून घेतली. कापड पडद्याचं होतं हे शिंप्यालाही माहीत होतं आणि मलाही. वरात बसस्टँडच्या वळणावर आली, लाऊडस्पीकरवाल्याने माझी एलपी लावली, मी एक गुडघा खाली टेकून आकाशाकडे बोट केलं, आणि पडद्याने जागच्या जागी राजीनामा दिला. पुढची वरात मी दादाच्या घोड्याच्या मागे मागे, अंगावर घोड्याचीच झूल घेऊन चाललो. वहिनींनी मला पहिल्यांदा पाहिलं ते त्या अवस्थेत. अजूनही पाहुण्यांसमोर त्या मला "झूलवाले भाऊजी" म्हणतात.

पुढे प्लेअर बिघडला. दुरुस्त करणारा गाव सोडून गेला. कॅसेटी आल्या, त्याही गेल्या. रेकॉर्डी माळ्यावर टिनाखाली पडून राहिल्या, आणि पांढुर्ण्याच्या उन्हाळ्याने त्यांचे पापड केले. जौनपुरी काढून पाहिली तर तिच्यात ताक वाढता आलं असतं. दादाने ती सदऱ्याने पुसली. मग म्हणाला, "जाऊ दे. मले पाठ आहे."

पाठ असणं आणि कानांनी ऐकणं यात फरक असतो, हे त्याला आता कळून राहिलं होतं. मोबाइलवर त्याने प्रयत्न करून पाहिला होता. म्हणाला, डब्यात माशी अडकल्यासारखं वाटते. त्याला तबकडीच पाहिजे होती, मोठ्या खोक्यातून, पहिल्यासारखी.

मी पुण्याच्या मुलीला फोन लावला. हल्ली जुन्या रेकॉर्डी पुन्हा नव्याने निघतात हे मला तिच्याकडून कळलं. मूळ फीत शोधतात, साफ करतात आणि जाड, वजनदार तबकड्यांवर पुन्हा छापतात. तिने शोधलं, आणि खरंच, आमची जौनपुरी पुन्हा निघाली होती. इतकंच नाही, पूर्वी जे एका तबकडीवर होतं ते आता दोन तबकड्यांवर होतं.

"बाबा, दोन आहेत, कारण..." ती काहीतरी सांगत होती.

"कारण माणसं आता दिलदार झाली आहेत," मी म्हटलं. "मागव. आणि हे बघ, डिस्कोची एक एलपी होती, चकाकणारा गोळा आणि खाली बाई..."

तीही निघाली होती! जी एलपी तेव्हा फुटपाथवर कोणी घेत नव्हतं, तिच्यासाठी म्हणे आता विलायतेत लोक रांग लावतात. आकाशाकडे बोट करणारा मी एकटाच शहाणा होतो, हे सिद्ध झालं. पडद्याचं सोडून द्या.

पार्सलं आली. नवा प्लेअरही आला, दोन स्पीकरांसकट. मी डिस्को लगेच फोडून लावली. बायको स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, "अहो, गुडघा टेकू नका, डॉक्टरांनी नाही म्हटलंय." जौनपुरीचं प्लॅस्टिक मात्र मी फोडलं नाही. ते दादाच्या हातून फुटायला हवं, असा माझा बेत होता. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजित्यांच्या आधी असा एखादा सुंदर बेत असतो.

रविवारी सकाळच्या बसने निघालो. प्लेअर मांडीवर, स्पीकर पायात, रेकॉर्डी छातीशी. कंडक्टरने प्लेअरचं तिकीट मागायचं मनात आणलं होतं, पण माझा चेहरा पाहून सोडून दिलं असावं. पांढुर्ण्याला पोचलो तर अंगणात चटया अंथरलेल्या. दादाने आपल्या भजनी मंडळातले तिघे मित्र बोलावले होते. तिघांनीही तरुणपणी याच घरात ती जौनपुरी ऐकली होती. दादा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसला होता. कानात मशीन नव्हती.

"मशीन कोठी आहे?" मी त्याच्या कानाशी ओरडलो.

"खिशात. तिले म्हटलं, तू बी आराम कर."

मी प्लेअर मांडला. वेग बदलायचं बटण कुणाचा धक्का लागून सरकू नये म्हणून ते तेहेतीसवर आणून वर चिकटपट्टी लावली. मोठी तबकडी तेहेतीसवर. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. दादाने नखाने प्लॅस्टिक फाडलं, तबकडी बाहेर काढली, कडांना धरून उन्हात तिरकी केली.  मी सुई टेकवली.

तंबोरा लागला. खोल, विहिरीतून आल्यासारखा. आणि मग गाणं सुरू झालं.

पुरुषाचं.

जाडा, शांत, जरासा पेंगुळलेला आवाज. मंडळातले तिघे एकमेकांकडे पाहू लागले. वहिनी दारात तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्यांचा हात थांबला.

"भाऊजी, हा तर माणूस आहे."

"वहिनी, थांबा जरा."

"थांबून का होते? आपली तर बाई होती ना जी... आपली तर बाई होती!"

आता मी निवृत्त शिक्षक. समोर तीन माणसं चटईवर बसलेली, आणि मला प्रश्न विचारलेला. "माहीत नाही" हे दोन शब्द मी नोकरीत असताना एकदाही वापरले नव्हते, ते निवृत्तीनंतर कुठून येणार? मी घसा साफ केला आणि सांगितलं की पूर्वीच्या रेकॉर्डी घाईघाईने कापल्या जायच्या, त्यामुळे आवाज चढलेला ऐकू यायचा. आता शास्त्रशुद्ध पद्धतीने मूळ फितीवरून काढल्यामुळे बाईंचा खरा आवाज समोर आला आहे. तो असा होता.

"म्हणजे गुरुजी," मंडळातले झांजा वाजवणारे म्हणाले, "आपण इतके वर्षं चुकीचं ऐकलं?"

"दुर्दैवाने, हो."

ते बिचारे मान खाली घालून बसले. त्यांची तरुणपणातली एक सकाळ मी त्यांच्या डोळ्यांदेखत जप्त केली होती. दुसरे म्हणाले, "तरीच. म्या तवाच म्हटलं होतं, काहीतरी घोळ आहे." तिसऱ्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते दादाकडे पाहत होते.

म्हणून मीही पाहिलं. दादाने डोळे मिटले होते. मांडीवर ताल धरला होता, आणि ताल चुकत नव्हता. एका जागी त्याचं बोट आपोआप वर गेलं, नेमकं गाणाऱ्याच्या आधी अर्धा क्षण, आणि मग आवाज त्या बोटापाशी येऊन पोचला. गेल्या दोन वर्षांत मी त्याला असं ऐकताना पाहिलं नव्हतं. आम्ही बोलताना तो ओठांकडे पाहतो, किंचित रागावल्यासारखा. आता तो कुणाकडेच पाहत नव्हता.

बाजू संपता संपेना. वहिनी पुटपुटल्या, "हे संपतच नाही बाप्पा." संपल्यावर दादा एवढंच म्हणाला, "ऐकू आलं." मग मित्रांना ओरडून म्हणाला, "सगळं ऐकू आलं!"

प्लेअर तिथेच ठेवून मी परत निघालो. बसमध्ये मी इतका खूश होतो की शेजारच्या माणसाला, जो मोहगावला उतरणार होता, मी मूळ फितींचं शास्त्र समजावून सांगितलं. त्याने उतरताना माझे आभारही मानले.

संध्याकाळी मुलीला फोन केला. बाईंचा खरा आवाज किती वेगळा होता, हे जरा रंगवूनच सांगितलं. तिने मला मध्येच थांबवलं.

"बाबा, तुम्ही कुठल्या स्पीडवर लावली?"

"मोठी तबकडी कुठल्या स्पीडवर लावतात?"

"बाबा, ती पंचेचाळीसची आहे. तुम्ही ती हळू फिरवली, म्हणून बाईंचा आवाज जाडा झाला. आवाज चांगला यावा म्हणून हल्ली मोठ्या तबकड्याही पंचेचाळीसवर कापतात. म्हणून तर एकाच्या दोन झाल्या. मी तुम्हाला तेव्हा तेच सांगत होते. आणि लेबलवर लिहिलेलं आहे."

मी शाळेत भूगोल शिकवायचो. पृथ्वी स्वतःभोवती किती वेळात फिरते हे शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. एक तबकडी किती वेगाने फिरते, तेवढं वाचायचं राहून गेलं.

बायको म्हणाली, फोन करून सांगून टाका. पण फोनवर दादाला काय सांगणार, आणि वहिनींना सांगितलं असतं तर झूल पुन्हा अंगावर आली असती. शिवाय हसण्यापलीकडची एक गोष्ट होती. दादाला कान बंद व्हायच्या आधी ती बाई ऐकायची होती, आणि मी त्याला भलत्याच कुणालातरी ऐकवून आलो होतो. तो समाधानाने म्हणाला होता, सगळं ऐकू आलं. त्याला जे ऐकू आलं ते जगात कधी कोणी गायलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा बस. या वेळी रिकाम्या हाताने. दादा बगीच्यात होता. मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की सुपातल्या शेंगा खाली सांडल्या. "अन् त्या तिघाईले सांगितलं ना तुमी, की तुमी आयुष्यभर चुकीचं ऐकलं म्हणून! त्यातले एक जण तर घरी जाऊन बायकोले बी समजावून राहिले होते."

"वहिनी, आता?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. "आता का? बरोबर लावा. ऐकाची तर खरी ऐकू द्या त्याईले."

दादा आला, हातपाय धुऊन खुर्चीत बसला. मी चिकटपट्टी काढली, बटण सरकवलं, सुई टेकवली.

आणि ती आली. तीच. आमच्या घरातली, सकाळची, आंघोळीच्या बंबाच्या धुराचा वास असलेली. वहिनी शेंगा विसरून चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. नवी नवरी म्हणून या घरात आल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी हाच आवाज ऐकला होता, हे त्या मला मागाहून म्हणाल्या. मीही उभाच राहिलो. लहानपणी जी संपायची वाट पाहिली ती आता संपू नये असं वाटत होतं, आणि हे वाटण्यासाठी मला म्हातारं व्हावं लागलं, याचा जरा रागही आला.

"अबे, चालू कर ना," दादा म्हणाला.

मी वळून पाहिलं. तबकडी फिरत होती. तोही तबकडीकडेच पाहत होता.

"दादा, चालू आहे."

"तबला वाजून राहिला. ते येते मले. गाणं कोठी आहे?"

मी आवाज वाढवला. पितळेची भांडी खणखणू लागली, शेजारची म्हैस उठून उभी राहिली. दादाने कानामागे हात धरला, पुढे वाकला. खिशातली मशीन काढून घातली, तोंड वाकडं केलं, काढली. "खाली असते तेव्हा जरासं येते. वर गेली की गेली. निघून जाते."

मी सुई उचलली आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसलो. त्याच्या कानाशी, शब्द सुटे करून, सगळं सांगितलं. लेबल, पंचेचाळीस, मुलगी, मूळ फितीचं शास्त्र. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान "अबे" तरी म्हणेल.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"बाई नव्हती हे. मी का बयाड आहो? म्या ती कितीक वेळा ऐकली. तू तिकडं भाषण देऊन राहिला होता, मले तुहे ओठ दिसून राहिले होते. म्हटलं, देऊ दे. मास्तर आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू बरोबर केलं असतं ना बे!" तो जोरात म्हणाला, आणि मग, त्याच्या मानाने हळू, "जागा तिच्याच होत्या. कोठी थांबते, कोठून उतरते, सगळं तिचंच. आवाज तेवढा दुसऱ्याचा. पण तो मले ऐकू आला."

वहिनी दारातून म्हणाल्या, "भाऊजी, त्याईले सांगा, मले बाईच पाहिजे. रोज ते माणसाचं मी ऐकणार नाही."

"का म्हणते ती?"

मी सांगितलं.

"तिले म्हणा, मी बगीच्यात गेलो की तू तुही बाई लावत जा. अन् मी घरी असलो की माहा माणूस. अन् आता बटण सरकव."

मी बटण तेहेतीसवर आणलं. तंबोरा पुन्हा विहिरीत उतरला. दादाने डोळे मिटले, हात मांडीवर गेला. मी स्टूल त्याच्या खुर्चीला लावलं. त्या संथ, चुकीच्या वेगात एक तान वरून खाली यायला लागली. तिच्या वळणावळणावर ती काय करते, कुठे जरा रेंगाळते, कुठे एक सूर नुसता स्पर्शून सोडते, ते मला पहिल्यांदा दिसलं. दाराआडून इतक्या साऱ्या सकाळी ऐकूनही ते कधी दिसलं नव्हतं. दादाने बोट वर केलं आणि एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, कळलं का, अशा अर्थाने. मी मान हलवली.

वहिनींनी आतून जेवायला हाक मारली. त्याला ती ऐकू आली नाही. मला आली, पण मीही उठलो नाही.